माउथगार्ड काढण्याआधी

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो बाई एकदाचे! टेम्पोवाला आत्ताच गेला. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली आहे आणि मी ट्रंकेवर वही ठेवून लिहिते आहे. वही धाकट्या भावाने दिली. रोज लिहीत जा, म्हणजे फोनवर माझं डोकं कमी खाशील, असं म्हणाला. शहाणा आहे मेला.

घर छान आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. न्हाणीघराला आतून चांगली अंगठ्याएवढी जाड लोखंडी कडी आहे. आधीच्या भाडेकरूला कसली भीती होती कोण जाणे. मागच्या खिडकीतून हॉस्पिटलची पाठ दिसते. वाळत घातलेल्या हिरव्या चादरी, जिन्यात बसून डबा खाणारी माणसं. रस्ता ओलांडला की माझी नोकरी. घरमालकीणबाई खालीच राहतात. लग्न का नाही केलं, आईला काय काय होतं, भाऊ कुठे असतो, सगळं एका दमात विचारून झालं आणि चहा संपेपर्यंत त्या आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण झाल्या होत्या.

आईचं नेहमीचं चालू आहे. मला हाक मारताना ती आधी धाकट्याचं नाव घेते, मग स्वतःच्या बहिणीचं, मग आमच्या मेलेल्या मांजरीचं, आणि मग कुठे माझ्यापर्यंत पोचते. ‘बाळ्या... जिजी... मने... अगं, छबे!’ चष्मा डोक्यावर असतो आणि शोध घरभर चालतो. तिला तिचा वाढदिवस विचारला तर जिजीचा सांगते. डोकं अगदी शाबूत आहे, फक्त जिभेला घाई. बाबा होते तेव्हा तेही तिला यावरून चिडवायचे.

उद्यापासून कामावर. मी खूश आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आमची एन्डोस्कोपीची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे. डॉक्टरसाहेब उंच, अबोल, पण हात सोन्यासारखा. मोठ्या सिस्टर मात्र खऱ्या मालकीण. पांढरे केस, ताठ कणा, डाव्या हाताची बाही उन्हाळ्यातही म्हणे मनगटापर्यंत. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय स्टूल हलवत नाहीत. ब्रदरला सगळे पैलवान म्हणतात. शंभर किलोचा रुग्ण एका हाताने कुशीवर वळवतो आणि वर त्याला विचारतो, आजोबा, सकाळी व्यायामाला या ना माझ्याबरोबर. आणि चौथी मी, नवी टेक्निशियन. दुर्बिणी धुवायच्या, तार सांभाळायची, डॉक्टर मागतील ते हातात ठेवायचं.

आईला सगळं समजून घ्यायचं होतं, म्हणून तिला सिंकपाशी उभं केलं. यकृतात पित्त तयार होतं, ते एका नळीतून आतड्यात उतरतं. स्वादुपिंडाचा रसही शेजारच्या नळीतून तिथेच येतो. दोघांचं तोंड जवळजवळ एकच. पित्ताच्या नळीत खडा अडकला की सिंक तुंबावं तसं सगळं मागे साचतं. माणूस पिवळा पडतो, ताप भरतो, कळा येतात. मग पोट न फाडता, उपाशीपोटी, तोंडातून दुर्बीण खाली सोडायची. आतड्याच्या पहिल्या वळणावर ते तोंड दिसतं, मुरुमाएवढं. त्यात बारीक तार सरकवायची, रंग सोडून एक्स-रेवर नळी बघायची, तोंडाला छोटीशी चीर द्यायची आणि फुग्याने किंवा इवल्याशा जाळीने खडा ओढून काढायचा. वाट अरुंद असेल तर प्लॅस्टिकची नळी आत ठेवून द्यायची. धोका एवढाच, की स्वादुपिंडाला धक्का बसला तर त्याचा रस त्याचंच मांस पचवायला लागतो. म्हणजे स्वतःलाच खातं का गं, असं आईने विचारलं. हो म्हटल्यावर तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

झोपेचं औषध जोरदार असतं. शुद्ध आली तरी माणूस बराच वेळ भ्रमिष्टासारखा असतो. कालच्या आजी मला सासू समजल्या आणि चाळीस वर्षांच्या शिव्या देऊन मोकळ्या झाल्या. पैलवान हसून हसून लोळायचा बाकी होता.

नवी दुर्बीण दुरुस्तीला गेली आहे, म्हणून जुनी वापरतात. तिचं नाव म्हातारी. बाकीच्या दुर्बिणी समोर बघतात, ही जात आहे बाजूला बघणारी. डोळा टोकाच्या कडेला. पुढे सरकताना पुढे काय आहे ते दिसतच नाही. टोकाशी एक बारीक पट्टी असते, ती उचलली की तार वर वळते. धुताना त्या पट्टीखाली ब्रश घालणं म्हणजे खरी परीक्षा. आज मी खटका बंद केला होता, तरी पट्टी हलली आणि माझा हातमोजा चिमटला. जुनी आहे, ढिली झाली असेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

इथली एक गंमत सांगते. दुर्बीण घालण्याआधी रुग्णाच्या दातांमध्ये माउथगार्ड बसवतात, म्हणजे मधे भोक असलेलं प्लॅस्टिकचं कडं, डोक्यामागून पट्टा. काम झालं की ते काढायचं. पण इथे कधीकधी ते लगेच काढत नाहीत.

एरवी ती तार आत जायला डॉक्टरांचा घाम निघतो. कितीदा घसरते, कितीदा नको त्या नळीत शिरते. पण एखाद्या रुग्णाचं ते तोंड स्वतःच उघडतं आणि तार पहिल्याच फटक्यात आत ओढून घेतं, एखादं पोर शेवया ओढतं तसं. आज बेकरीवाल्याचं तसं झालं. मी हातातली तार सुटू नये म्हणून घट्ट धरली. डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरकडे बघितलं आणि काम उरकून ते हात धुवायला गेले.

असं झालं की सिस्टर रुग्णाला शुद्ध येताच एक प्रश्न विचारतात. उत्तर नातेवाइकांकडून आधीच घेतलेलं असतं. किती भावंडं, किती मुलं, असं काहीतरी. तोंडात कडं असल्यामुळे रुग्णाने बोटांनी दाखवायचं. बरोबर आलं तरच कडं काढायचं. बेकरीवाल्याचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोच त्याची चार बोटं वर. डोळे लख्ख. काय चुणचुणीत माणूस! जाताना मला म्हणाला, पाव न्यायला या, तुमच्याकडून पैसे घेणार नाही.

चुकलं तर काय करता, असं मी सिस्टरना विचारलं. त्यांनी मला म्हातारी धुवायला पाठवलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

आज ट्रकड्रायव्हर होता. हसरा, दांडगा. त्याची तारही ओढली गेली. काम संपलं आणि सिस्टरना कोणीतरी बाहेर बोलावलं. त्याने डोळे उघडले, अगदी स्वच्छ, आणि मला अंगठा दाखवला. मला वाटलं, एवढा जागा माणूस, कशाला तोंडात प्लॅस्टिक घालून ताटकळत ठेवायचं. प्रश्नाचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी पट्टा सोडला आणि कडं काढलं.

तो थँक्यू म्हणाला. पैलवान त्याच्या तोंडाची लाळ पुसत होता. ड्रायव्हरने त्याचा हात तोंडात घेतला आणि बोटं तोडली.

गाजर तोडल्यासारखा आवाज आला. पैलवान नुसता हाताकडे बघत राहिला. ड्रायव्हर चावत होता. मग गिळलं आणि पुन्हा वाकला, या खेपेला गालावर. पैलवानाचा गाल कानापासून सुटला तेव्हा मी आणि वॉर्डातली मावशी ड्रायव्हरचे केस ओढत होतो, पण केस मुठीत आले, डोकं नाही आलं. भिंत, एक्स-रेचा पडदा, माझा ॲप्रन, सगळीकडे रक्त. सिस्टर धावत आल्या. त्यांनी सलाइनचा स्टँड उलटा धरला आणि त्याचा लोखंडी पाया त्याच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. तो कॉटवर पडला तरी त्याचा जबडा चालूच होता. सिस्टर थांबल्या नाहीत. जबडा थांबल्यावरच थांबल्या.

मग त्यांनी श्वास घेतला आणि मला एकच गोष्ट विचारली. प्रश्न विचारला होतास?

पोलीस आले. औषधाने भ्रम झाला, त्याने हल्ला केला, झटापटीत पडला, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पैलवानाला बघून आले. चेहऱ्यावर पट्ट्या. बोलता येत नाही. धड हाताने त्याने माझा दंड थोपटला आणि मला तिथेच रडू फुटलं. माझ्यामुळे झालं हे.

सिस्टरनी आज मला कपाटाच्या खोलीत बसवलं आणि बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत मांस नाही, नुसतं कातडं हाडाला चिकटलेलं. फार वर्षांपूर्वी एका रुग्णाला शुद्ध येताना तो खुणांनी भलतंच सांगत होता. यांना दया आली. वाट पाहिली. हळूहळू तो नीट उत्तरं द्यायला लागला, म्हणून यांनी कडं काढलं. मग हात असा झाला. म्हातारीतून काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जातं, असं त्या म्हणाल्या. काय ते विचारू नकोस. ते आत शिरलं की माणूस माणूस उरत नाही, त्याला घरदार आठवत नाही, म्हणून उत्तर चुकतं. आणि वाट पाहिली तर ते शिकतं. म्हणून वाट पाहायची नाही. दुर्बीण बदला असं त्यांनी वरच्यांना शंभरदा सांगितलं, पण वरच्यांना ही भुताटकी ऐकायची नाही. तेव्हापासून त्या प्रश्न विचारतात. आणि तेव्हापासून या खोलीत एकदाही असं झालं नव्हतं, तू येईपर्यंत.

चुकलं तर काय करता, असं मी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी सांगितलं. झोपेचंच औषध. जरा जास्त.

नोकरी सोडावी असं वाटलं. मग पैलवानाचा गाल आठवला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

निवृत्त मास्तर. तार ओढली गेली. प्रश्न होता, मुली किती. उत्तर तीन. त्यांनी आधी पाच बोटं दाखवली, मग दोन, मग बोटांकडे बघत बसले. डोळे तरंगत होते.

सिस्टरनी मला खूण केली. मी पाय धरले, मावशीने खांदे. त्यांना कळलं असावं, ते कड्याभोवती घशातून ओरडायला लागले. काय ताकद! लाथ माझ्या छातीवर बसली, बरगडीत चमक भरली. मी त्यांच्या गुडघ्यांवर आडवी पडले. त्यांनी कडं एवढ्या जोराने चावलं की ते तडकलं आणि तुकडा जिभेत घुसला. रक्ताच्या गुळण्या. हातावरची सुई निसटली, सिस्टरनी मानेत टोचली. ते माझ्या केसांना धरून होते. शेवटी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बाहेर तीन मुली बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की हृदय थांबलं, वय होतं.

आम्ही बरोबरच केलं. ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणला की पटतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

घरमालकीणबाई धापा टाकत वर आल्या. बेकरीवाल्याने बायकोला मारलं. भट्टीत पाव सरकवायच्या लांब फळीने आधी तिचं डोकं फोडलं, मग सासऱ्याचं. आणि मग जे केलं ते बाईंनी माझ्या कानात सांगितलं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. पोलीस आले तर हा गल्ल्यावर बसलेला, हनुवटीपर्यंत लाल. नाव, वय, पत्ता, सासऱ्याची जन्मतारीख, जे विचारलं ते घडाघडा सांगितलं म्हणे. जराही अडखळला नाही.

मी सिस्टरना फोन केला. त्याचं उत्तर बरोबर आलं होतं, तेव्हा तो त्यातला नाही, घरचं भांडण असेल, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पक्का होता. मला बरं वाटलं.

दिव्याखाली आईकडे बघितलं. तिचे डोळे पिवळे आहेत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

खडा आहे. पित्ताच्या नळीत, तोंडाशीच. काल रात्रीपासून हुडहुडी भरून ताप. डॉक्टर म्हणाले, पू झाला आहे, उद्या काढला नाही तर रक्तात पसरेल. मी दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलांना फोन लावले. जवळचं जे आहे त्याची तारीख दहा दिवसांनी. तोवर ही राहत नाही. नवी दुर्बीण कधी येणार? सांगता येत नाही. म्हणजे म्हातारीच.

आणि तार ओढली गेली तर प्रश्न. आणि माझी आई! जी धड जागी असताना स्वतःचा वाढदिवस चुकते!

सिस्टरना हातापाया पडून सांगितलं, सोपा प्रश्न विचारा. मुलं किती, हाच. त्या हो म्हणाल्या. चुकलं तर मात्र माझ्याकडे बघू नकोस, असंही म्हणाल्या.

संध्याकाळभर आईची उजळणी घेतली. आई, मुलं किती? मनी धरून तीन, म्हणते आणि तापातही खुदखुदते. मांजर नको धरूस गं! दोन. दोन बोटं. बरं बाई, दोन, तुझे बाबा धरले तर तीनच की, तेही मूलच होते. मी ओरडले तिच्यावर. मग रडले. तिने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, बाळ्या, जिजी, मने... छबे, एवढं काय त्यात, दाखवीन ना दोन.

धाकटा सोमवारी दुपारी येतो आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

झालं. झालं! आई आहे!

तार ओढली गेली. पडद्यावर मी बघितलं, ते तोंड उघडलं आणि तार माझ्या बोटांतून सर्रकन गेली. खडा निघाला, पू निघाला, मी काय काय हातात दिलं आठवत नाही. सिस्टरनी सुई भरून ट्रेमध्ये ठेवली, मला दिसेल अशी. मी ट्रेमधली कात्री उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. आई चुकली असती तर मी सिस्टरना जगू दिलं नसतं, हेही लिहून ठेवते.

आईने डोळे उघडले. सिस्टरनी विचारलं, मुलं किती.

दोन बोटं. लगेच. ताठ.

मी तिथेच फरशीवर बसले. सिस्टरनी स्वतः कडं काढलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढं प्रेमाने त्या कोणाशी वागलेल्या मी पाहिल्या नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

आई घरी आली. ताप नाही. जिना एकटी चढली.

चष्मा मागितला नाही. कुठे आहे ते माहीत होतं. सिंकवरच्या फळीवर.

औषधांच्या वेळा मी एकदाच सांगितल्या, तिने जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, बघ, काविळीबरोबर विसराळूपणाही गेला. आम्ही हसलो. आईही हसली, आमच्यानंतर.

जेवत नाही. भूक नाही म्हणते. पण मी जेवताना माझ्या तोंडाकडे बघते.

आत्ता तिने स्वयंपाकघरातून हाक मारली. छबे.

नुसतं छबे.

मी ओ दिली आणि लिहायला बसले. बाळ्या नाही. जिजी नाही. मनी नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

न्हाणीघरात आहे. कडी लावली आहे. फोन बाहेर.

घरमालकीणबाई सकाळी चौकशीला आल्या. आईने त्यांना बसायला पाट दिला. मग खलबत्त्यातला बत्ता घेतला. मी ओट्याशी होते. बाईंनी वर बघितलं, तोंड उघडं, काहीतरी बोलतच होत्या. पहिला घाव तोंडावर. दात फरशीवर उडाले. आई त्यांच्या छातीवर बसली आणि मारत राहिली, चेहरा राहिला नाही तरी. मग वाकली. पोटाशी. हातांनी उकरलं. मी ओढायला गेले तर बत्ता माझ्या खांद्यावर. डावा हात लोंबतो आहे.

तिने मान वर केली. हनुवटीपर्यंत लाल. छबे, तू जेवून घे, म्हणाली.

ऐका. ज्याला ही वही मिळेल त्याने ऐका. उद्या म्हातारीवर पाच रुग्ण आहेत. प्रश्न उलटा आहे. औषधाने माणूस भ्रमिष्ट होतो — माणूस चुकतोच — चुकणारा माणूस असतो. त्या दुसऱ्याला झोप लागत नाही. ते चुकत नाही. त्याला सगळं आठवतं. सिस्टरचा तो रुग्णही चुकत होता तोवर माणूसच होता. मास्तर माणूस होते. मी त्यांचे पाय धरले. देवा, मी पाय धरले.

ड्रायव्हरला कोणी प्रश्न विचारला नाही, म्हणून त्याने तिथेच — बाकीच्यांना विचारला. विचारला की त्याला कळतं आम्ही पहारा देतो. मग ते घरी जाईपर्यंत थांबतं. सिस्टरनी शिकवलं त्याला थांबायला.

ती दाराशी आहे. ठोकत नाही. नख फिरवते.

मी विचारलं, आई, तुझा वाढदिवस कधी. बरोबर सांगितला. बाबा कोणत्या वारी गेले. बरोबर. मनी कुठे पुरली. लिंबाच्या झाडाखाली, विटेशेजारी, तू चपला हरवल्या होत्यास. बरोबर. मलासुद्धा आठवत नव्हतं.

आई, एकदा चूक. एकदाच. माझं नाव चूक ना गं आई

छबे, दार उघड.

वर झरोका आहे. त्यातून वही मागच्या रस्त्यावर टाकीन, चादरींच्या बाजूला. कोणीतरी उचलेल.

जिन्यात पावलं. दोन-दोन पायऱ्या. तोच. लवकर कसा आला

ती गेली दाराकडे. पदराने तोंड पुसलं असेल — नळाचा आवाज —

‘बाळ्या, आलास?’

तो हसतोय. आज पहिल्याच फटक्यात, जिजी नाही, मनी नाही, असं म्हणतोय. बरी झालीस की गं तू, म्हणतोय

ओरडते आहे मी. स्वयंपाकघरात जाऊ नको — आत ये इकडे — छबी कुठे, विचारतोय

न्हाणीघरात, म्हणाली. बरोबर सांगते

येतोय. ती मागे. तिच्या बांगड्यांचा आवाज त्याच्या मागे

वही टाकते. मी कडी काढ